कॅनडाची कुलपं, रोमानियाची चटणी

परदेशी गेलेल्या पोराचं बरं चाललंय की नाही हे खरंच जाणून घ्यायचं असेल, तर त्याचे मोबाइलवरचे फोटो बघत बसू नये. फोटोत सगळे चकचकीत गाडीला टेकून उभे असतात आणि गाडी कुणाची आहे ते कुणी सांगत नाही. त्यापेक्षा त्याच्या आईबापांनी इथून पाठवलेलं खोकं उघडून बघावं. मी तेवीस वर्षं तेच केलं, आणि तेही उजळ माथ्यानं, कारण तो माझा धंदाच होता.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं परदेशी पार्सलचं दुकान होतं. आता ते पुतण्या बघतो आणि मी सकाळी जाऊन त्याच्या चुका काढतो. हल्ली 'खोकी' म्हटलं की ऐकणारा गालात हसतो, म्हणून आधीच सांगून टाकतो, आमच्या खोक्यांत चटणी, पापड आणि लोकरी मोजे यांपलीकडे काही नसायचं. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "काका, धंद्यातल्या गमती लिहा." गमती लिहितो, पण त्यातली एक गंमत करताना मी एका भल्या माणसाला दुखावलं, तेही लिहिणार आहे. नावं बदलली आहेत. चटणी आहे तीच आहे.

धंदा तसा साधा. गिऱ्हाईक सामान घेऊन येतं. आम्ही एकेक वस्तू बाहेर काढून टेबलावर मांडतो, मोठ्यानं तिचं नाव घेतो आणि इंग्रजीत यादी करतो. चिठ्ठीचपाटी असली तर तीसुद्धा वाचतो, कारण पुढे काही निघालं तर मान आमची धरली जाते. मोठ्यानं वाचायचं अशासाठी, की मी बोलायचं आणि पलीकडे बसलेल्या नूरभाईंनी ऐकत ऐकत भरायचं, म्हणजे यादीत आणि खोक्यात फरक पडत नाही. नूरभाई मूळचे शिंपी. तयार कपड्यांनी शिलाईचं काम खाल्लं तेव्हा ते माझ्याकडे आले आणि भागीदार झाले. त्यांनी बांधलेलं खोकं जिन्यावरून गडगडत आलं तरी आतला पापड मोडायचा नाही. दर मंगळवारी मुंबईची गाडी यायची, तिथून पुढे विमान. दुकानाचा नियम एकच होता, कुणाच्या खोक्यात काय होतं ते दुसऱ्याला सांगायचं नाही. आई पोराला काय पाठवते यावरून घराची सगळी इभ्रत उघडी पडते.

गिऱ्हाइकांना दोन गोष्टी कधी पटल्या नाहीत. एक भडंगाची. विमानवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोकं जागा किती खातं तेही बघतात, आणि दोन्हींत जे भारी पडेल त्याचे पैसे लावतात. भडंगाला वजन नाहीच, जागा मात्र गादीएवढी लागते. हे समजावून सांगितलं की आया माझ्याकडे दरोडेखोराकडे बघावं तशा बघायच्या. "चुरमुऱ्याला वजन असतंय व्हय? आमाला शिकवाय लागलाय?" दुसरी गोष्ट तुपाची. दुधातुपाचं काही तिकडे चालत नाही. मग तूप शांपूच्या बाटलीतून यायचं, खोबरेलाच्या डब्यातून यायचं, एकदा तर चक्क औषधाच्या बाटलीतून आलं. नूरभाई झाकणाजवळ नाक नेऊन शांतपणे विचारायचे, "वैनी, शांपू कढवायचं कारण काय?"

आणि चटणी! कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून कुटलेलं लाल तिखट, हे आपल्याला सांगावं लागत नाही. जगाला सांगावं लागतं. सुरुवातीच्या वर्षांत मी यादीत इंग्रजी अक्षरांत सरळ 'चटणी' लिहून मोकळा व्हायचो. कॅनडाच्या विमानतळावरच्या साहेबाला चटणी म्हणजे बाटलीतलं काहीतरी ओलं, गोड अपेक्षित होतं. त्यानं खोकं फोडलं तर आत पाच किलो लालभडक भुकटी. मुंबईहून विचारणा आली, चटणी कुठे आहे आणि ही भुकटी कसली? मी कळवलं, भुकटी हीच चटणी. पुन्हा विचारणा, भुकटी आहे तर चटणी का लिहिलंत? आठ दिवस हा पत्रव्यवहार चालला. शेवटी म्हणे त्या साहेबानं पुडीजवळ तोंड नेऊन वास घेतला, आणि त्याला एवढ्या शिंका आल्या की त्यानं शिक्का मारून खोकं सोडून दिलं. हे मुंबईच्या माणसानं सांगितलं, खरं-खोटं त्यालाच माहीत.

रोमानियाचं प्रकरण अलीकडचं. आमच्याकडून आधी अमेरिका, इंग्लंड, दुबई असं सामान जायचं, मग कॅनडाची लाट आली. त्या लाटेतच एक दिवस गगनबावड्याकडच्या एका गावाहून अक्काताई आल्या. काखेत छत्री, हातात पिशवी आणि कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहिलेला पत्ता. म्हणाल्या, "रोमान्याला धाडायचंय." मी ऐकलं, ओमानला. पत्त्याचं अक्षर लागत नव्हतं, पण आपल्याला कळलंय म्हटल्यावर वाचायचं कशाला? देशाच्या रकान्यात ओमान टाकून दिलं. मुंबईच्या गोदामातून खोकं परत आलं, सोबत निरोप, की या नावाचं गाव त्या देशात नाही. अक्काताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊ, पोरगं माझं बर्फात गेलंय आन् तुमी चटणी वाळवंटात धाडाय लागलाय." तेव्हापासून आमची ओळख.

त्यांचा सागर आयटीआय करून वेल्डर झालेला आणि रोमानियात एका कारखान्यात लागलेला. त्याच्यामागून या भागातले आणखी गेले, कुणी वेल्डर, कुणी ड्रायव्हर, कुणी आचारी. बघता बघता माझ्या टेबलावर एका बाजूला कॅनडा आणि दुसऱ्या बाजूला रोमानिया अशी मांडणी व्हायला लागली.

बाहेरच्या माणसाला दोन्ही सारखंच, परदेश. आम्हाला खोक्यावरून फरक कळायचा. कॅनडाला जाणारा बहुतेक शिकायला जातो, घरच्यांनी सगळी ताकद लावून पाठवलेला असतो, आणि शिक्षण झालं की तिथेच राहायला मिळावं म्हणून रांगेत उभा राहतो. पगार मोठा, पण भाडं छातीवर बसतं. चष्मा महाग, दात महाग, केस कापून घेणं महाग. म्हणून कॅनडाच्या खोक्यात चष्मे असायचे, कुकरची रबरी रिंग असायची, मुलगी असेल तर वर्षाचे शिवलेले ब्लाउज असायचे. रोमानियाला जाणारा हातात कसब घेऊन कंत्राटावर जातो. पगार बेताचा, पण खोली कंपनीची. त्यामुळे त्या खोक्यात गरजेचं फारसं नसायचं, जिभेचं असायचं. उलट तिकडूनच काहीतरी यायचं. सागरनं पहिल्याच वर्षी वडिलांना ड्रिल मशीन पाठवलं. त्या गृहस्थांनी आनंदाच्या भरात घराला इतकी भोकं पाडली, की अक्काताईंनी ते मशीन शेवटी तांदळाच्या कणगीत लपवून ठेवलं.

मग जास्त सुखात कोण? यावर नूरभाईंचा आणि माझा दर मंगळवारी वाद. नूरभाईंचं म्हणणं, "ज्येच्या घरनं लोणचं जातंय त्यो सुखात. ज्येच्या घरनं चष्मा जातोय त्यो अडचणीत." माझं म्हणणं, पाच-सात वर्षांनी कॅनडावाला तिथला होतो आणि रोमानियावाला कंत्राट संपलं की पुन्हा एसटी स्टँडवर. वाद कधी मिटला नाही. मिटला असता तर दुपारचा चहा बेचव झाला असता.

अशात एके दिवशी कुरुंदवाडचे आप्पा आले. आधी त्यांच्या चपला आल्या असं म्हणायला हवं, कारण त्या रस्त्यापासून करकरत होत्या. नदीकाठची शेती, खतांचं दुकान, आणि साध्या बोलण्यालाही पलीकडच्या काठावर ऐकू जाईल असा आवाज.

"पावणं, परदेशी खोकी धाडणारं तुमीच न्हवं?"

"व्हय. कुठं धाडायचंय?"

"खोकं न्हाय धाडायचं. पोरगी धाडायची हाय."

नूरभाईंनी हातातली चिकटपट्टी खाली ठेवली आणि म्हणाले, "आमी तीस किलोपर्यंतच घेतो."

आप्पा हसले नाहीत. त्यांची मुलगी स्वाती कोल्हापुरात एका लॅबमध्ये रक्त तपासणीचं काम करायची. तिला दोन स्थळं आलेली. एक नात्यातून सुचवलेलं, कॅनडातला प्रणव. त्याचे वडील बापूसाहेब माझे जुने गिऱ्हाईक. दुसरं सागरचं, ते घेऊन अक्काताई स्वतः कुरुंदवाडला जाऊन बसल्या होत्या. आप्पा त्यांना चहा पाजून वाटेला लावणार होते, पण स्वाती मध्ये पडली. म्हणाली, "पप्पा, नकार द्यायचा तर द्या. पर आधी दोघांची बरोबरी करून बघा. एकाचं फोटो बघून आन् दुसऱ्याचं गाव बघून ठरवू नका."

आप्पांना हे पटलं. त्यांनी शंभर पानी वही आणली आणि मध्ये रेघ मारली. एकीकडे कॅनडा, दुसरीकडे रोमानिया. मी वही पाहिली. थंडी: दोन्हीकडे लई. जेवण: दोन्हीकडे आपलं नाही. भाषा: कॅनडा इंग्रजी, रोमानिया देव जाणे. यापुढे गाडी अडली होती.

"तुमच्याकडं दोघांची बी खोकी येत्यात. कोण सुखात हाय तेवढं सांगा."

मी नियम सांगितला. आप्पांनी आवाज चढवला, मी मान हलवली. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "एकुलती हाय ओ. हितं कुटं दिली असती आन् चुकलं असतं, तर गाडी काढून घिऊन आलो असतो. तितनं कशी आणू? मला सांगलीच्या म्होरं रस्ता ठावं न्हाय."

हे ऐकून मी विरघळलो. आणि खरं सांगायचं तर आतला खोडकर माणूसही जागा झाला. म्हटलं, "मी सांगणार नाही. पण मंगळवारी दुपारी दुकानात बाकावर कुणीही बसू शकतं. पेपर वाचायला काय बंदी नाही."

मंगळवारी आप्पा पेपर उघडून बाकावर बसले. पेपर असा धरला होता की डोक्यापासून गुडघ्यापर्यंत माणूस गायब.

आधी बापूसाहेब आले. निवृत्त अधिकारी, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. प्रणवचं खोकं. मी एकेक वस्तू काढत गेलो. चष्मे दोन, टूथपेस्ट सहा, मोज्यांचे जोड, कुकरची रिंग. तळाशी हातरुमालात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. बापूसाहेब माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, "ते यादीत नाही आलं तर चालेल का?"

रुमालात चार लहान कुलपं होती. मला त्यांचा अर्थ कळला. तळघरातल्या खोल्यांत पाच-सहा पोरं भाड्यानं राहतात, स्वयंपाकघर एकच, आणि ज्यानं त्यानं आपल्या कपाटाला आपलं कुलूप लावायचं. अशी कुलपं मी आधीही पाठवली होती. दरवेळी आवाज बारीक करून 'लोखंडी सामान' म्हणून पुढे गेलो होतो. त्या दिवशी मात्र बाकावर पेपर होता. मी घसा साफ करून म्हणालो, "कुलपं, लहान, चार!" आणि वर विचारलं, "कॅनडात कुलपं मिळत नाहीत का, बापूसाहेब?"

ते म्हणाले, "महाग आहेत. आणि घर मोठं आहे, कपाटं पुष्कळ." त्यांचे कान लाल झाले होते. पेपरमागे पेन्सिल कुरकुरली. बापूसाहेबांनी पावती घेतली आणि मागवलेला चहा न घेता निघून गेले. नूरभाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही, नुसती खोक्याला पट्टी मारत राहिले, लागते त्यापेक्षा जास्त.

त्यांचं पुढचं इथेच सांगून टाकतो. बापूसाहेब पुन्हा माझ्या दुकानात आले नाहीत. स्थळही त्यांनी आपणहून मागे घेतलं, "प्रणवचं आधी बस्तान बसू दे," असा निरोप आप्पांना पाठवून. पुढे प्रणवला तिथे कायमचं राहायला मिळालं, स्वतःचं वेगळं घर झालं असं ऐकतो. म्हणजे नूरभाईंशी माझा जो वाद होता, त्यात निम्मा मी जिंकलो. पण एका बापानं विश्वासानं कानात सांगितलेली गोष्ट मी दुकानभर ओरडून सांगितली. तेवीस वर्षांत नियम तेवढा एकदाच मोडला, आणि मोडला तो गंमत म्हणून. बापूसाहेब, हा अंक तुमच्या हातात पडला तर माझं चुकलं एवढं वाचा आणि बाकीचं सोडून द्या.

तर त्या मंगळवारी बापूसाहेब गेले आणि अक्काताई आल्या. छत्री दारात टेकवली, बाकाकडे एकदा बघितलं आणि पिशवी टेबलावर रिकामी केली. चटणीच्या बारा पुड्या, प्रत्येकीवर नाव. त्या नेहमीपेक्षा जरा खणखणीत आवाजात सांगू लागल्या. "ही बाळूची. ही त्या नेपाळच्या पोराची. ही बिहारचा हाय त्येची, त्येची आई वारली बिचाऱ्याची. आन् ही मोठी त्यांच्या फोरमनची. तिकडचाच गोरा हाय, पर आता त्याला चटणीबिगार सूप जात न्हाय."

पुड्यांखाली हळदीच्या रंगाचा एक मफलर होता. घडीत चिठ्ठी. मी सवयीनं मोठ्यानं वाचली: "मफलर वापर, पेटीत घालून ठेवू नको. हात भाजून घेऊ नको. कंत्राट संपायला किती दिवस राहिले ते रोज मोजतो. मी वाट बघतो." खाली नाव नव्हतं.

मी अक्काताईंकडे बघितलं. त्यांची पापणी हलली नाही. "मैतर हाय त्येचा. तालमीतला."

पेपरमागून आवाज आला, "वा!"

अक्काताई गेल्यावर आप्पांनी पेपर खाली घेतला. डोळे चमकत होते. "असा मैतर मिळाय नशीब लागतंय, पावणं. पोरगं गुणाचं असल्याबिगार कोण असं लिवतंय?" रोमानियाच्या रकान्यात त्यांनी ठळक लिहिलं, 'मित्र चांगले'. मग मला विचारलं, "कंत्राट संपलं की काय?"

"पुन्हा मिळालं तर राहणार. नाहीतर परत येणार."

"परत येणार, हे चांगलं का वाईट?"

"ते तुम्ही ठरवायचं."

आप्पांनी बराच विचार केला. रोमानियाच्या रकान्यात त्यांनी अधिकाचं चिन्ह काढून पुढे 'परत येणार' लिहिलं, आणि त्याच्याच खाली उण्याचं चिन्ह काढून पुन्हा 'परत येणार' लिहिलं. वही मिटून म्हणाले, "आता त्या मैतराला गाठून द्या. आईबाप लपवत्यात, मैतर न्हाय लपवत. म्होरल्या मंगळवारी मी येतो, त्याला बोलवून घ्या."

मी काही बोलणार तोच दारात स्कूटी थांबली. कामावरून सुटलेली स्वाती वडिलांना न्यायला आली होती. हेल्मेट न काढताच तिनं हाक मारली, "पप्पा, मी हितंच थांबतो, या लवकर."

आमच्याकडे बायका अशाच बोलतात. मी येतो, मी जेवतो, मी थांबतो. पुण्याकडचे लोक ऐकून हसतात. माझी आई असंच बोलायची, बायको असंच बोलते. पण तेच कागदावर आलं की मी शाळेतल्या बाकावर जाऊन बसतो. कागदावर 'बघतो' म्हणजे पुरुष, असं माझं डोकं परस्पर ठरवून मोकळं झालं होतं. आता ते 'थांबतो' कानावर पडलं आणि हळदीच्या रंगाचा मफलर डोळ्यांपुढे आला.

नूरभाई कात्रीनं पट्टी कापत होते. आप्पा पायऱ्या उतरून गेल्यावर माझ्याकडे न बघताच बोलले, "मालक, तालमीतला पैलवान लोकर इणतोय असं कधी ऐकलंय? घडी करतानाच कळलं मला. टाकं सगळं वाकडं हायत, पर एक बी सुटलेला न्हाय."

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत स्वाती एकटी आली. थेट विचारलं, "काका, पप्पांना काय सांगितलंसा?"

"काही नाही. पण ते मित्राला शोधतायत."

ती एका बांधलेल्या खोक्यावर मटकन बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सागर परदेशी जाण्याआधी तपासणीसाठी तिच्या लॅबमध्ये आला होता. दिवसभर ठिणग्यांत वावरणारा हा गडी सुई बघून खुर्चीतच आडवा झाला. तिनं पाणी मारून उठवलं. "त्यो शुद्धीवर आला आन् पयलं काय बोलला म्हाईत हाय? 'आईला सांगू नका.'" अक्काताईंना कुरुंदवाडला तिनंच पाठवलं होतं. मोबाइलवर बघून मफलर तीच शिकली होती. आणि त्या मंगळवारी अक्काताईंनी पेपरखालच्या चपला बघताक्षणी ओळखल्या होत्या. पुड्यांची नावं एवढ्या खणखणीत आवाजात का आली, ते मला तेव्हा कळलं.

"मग सरळ सांगायचं वडिलांना."

"सांगणारच हुतो की. पर आधी पप्पांनी त्याला माणूस म्हणून बघावं, मग माझा म्हणून. आधी माझा म्हणून सांगितलं, तर त्यांनी बघितलंच नसतं." मग उठून ओढणी नीट करत तिनं विचारलं, "न्हाय म्हणाले तर?"

नूरभाई म्हणाले, "मंगळवारी मित्र येणार असंल तर ओळखपत्र घिऊन याय सांग. बिगर ओळखपत्राचं आमी घेत न्हाय."

मंगळवारी आप्पा लवकरच आले. धुतलेली टोपी, हातात वही आणि वाडीच्या पेढ्यांचा पुडा. "मैतरासाठी," म्हणाले. पेपर आज घेतला नाही. दारातून कुणी तरणा गडी आला की अर्धे उठायचे आणि तो पत्ता विचारून गेला की पुन्हा बसायचे. नूरभाई एकच खोकं तिसऱ्यांदा बांधत होते.

मग दोन्ही हातांत खोकं धरून स्वाती आत आली.

"तू हितं कशाला?" आप्पा म्हणाले. "मी आज बसनं जाणार हाय."

तिनं खोकं टेबलावर ठेवलं आणि आपलं ओळखपत्र माझ्यापुढे सरकवलं. दुकानाची पद्धत ती पद्धत. मी फॉर्म पुढे ओढला.

"पाठवणाऱ्याचं नाव, स्वाती." मी लिहिलं. "घेणाऱ्याचं नाव?"

"सागर."

"देश?"

"रोमानिया. ओमान लिवू नका."

"नातं?"

तिनं वडिलांकडे बघितलं. "मैतर लिवा, काका. तालमीतला."

आप्पांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग वही उघडून 'मित्र चांगले' या दोन शब्दांकडे बराच वेळ बघत राहिले.

"मफलर तू इणलास?"

"व्हय."

"आन् मी 'बघतो' ऐकून गडी समजलो. घरात सकाळपास्नं रातीपतोर तेच ऐकतोय की!" मग एकदम रुसल्यासारखे म्हणाले, "थंडीत दरसाली माझा घसा धरतोय. मला कधी इणला न्हाईस एक."

स्वाती रडायला लागली. आप्पांनी तिला जवळ बिवळ घेतलं नाही, आमच्याकडे दुकानात तसं करत नाहीत. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, वहीतल्या दोन 'परत येणार'पैकी उण्याकडचं खोडलं, चांगलं काळं होईपर्यंत खोडलं, आणि वही मिटून काखेत मारली. मग पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे ठेवला.

"पावणं, हे बी त्या खोक्यात घाला."

"आप्पा, दुधाचं तिकडं चालत नाही."

नूरभाईंनी हळूच विचारलं, "शांपूची बाटली बघू काय?"

आप्पांनी क्षणभर पुड्याकडे बघितलं. मग त्यांचा तो नदीच्या पलीकडे जाणारा आवाज पुन्हा आला. "चालत न्हाय तर ऱ्हाऊ दे. हितं येऊन खा म्हणावं त्याला. लिव गं चिठ्ठी."

स्वातीनं तिथेच उभ्यानं चिठ्ठी लिहिली आणि घडी करून खोक्यात ठेवायला गेली. मी हात पुढे केला. नियम म्हणजे नियम. चष्मा पुसून मी मोठ्यानं वाचलं: "पप्पा म्हणतात, पेढे इथं येऊन खा. आम्ही वाट बघतो."

नूरभाईंनी ऐकलं, चिठ्ठी खोक्यात ठेवली आणि पट्टी मारली.